शेरे उरले, नावं गेली

बाबांचा लॅपटॉप सोमवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी गेला. वेळ इतकी पक्की माहीत आहे कारण त्यांनी ती लिहून ठेवली. ‘१०.२० लॅपटॉप बंद. आतला पंखा चालू.’ बाबा पस्तीस वर्षं रेल्वेच्या मालगोदामात होते. तिथं काही झालं तर आधी नोंद करायची अन् मग ओरडायचं, अशी पद्धत होती. त्यांनी नोंद केली, मग ओरडले, मग मले फोन केला.

मी भनपुरीत एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे कामाले आहे. मालाच्या पावत्या बनवतो, अन् ऑफिसात कोणाचा कॉम्प्युटर अडला तर तोही पाहतो. फोन उचलला तर बाबा म्हणाले, "काळ्या पडद्यावर पांढरं लिहून आलं आहे. चालू व्हायले आत काही सापडत नाही म्हणते."

"बंद करून परत चालू करा, बाबा."

"तीनदा केला. तिसऱ्यांदा तुझ्या आईनं केला."

आईचा हात लागूनही झालं नाही म्हणजे गोष्ट गंभीर होती. आमच्या घरचा टीव्ही, मिक्सर अन् गॅसचा लायटर, तिघंही फक्त तिचं ऐकतात.

"अन् यादी?" मी विचारलं.

 तिकडून नुसता पंख्याचा आवाज आला.

यादी म्हणजे काय ते सांगतो. गुढियारीत, आम्ही राहतो त्या मोहल्ल्यात, आमचं एक छोटं मराठी मंडळ आहे. बहुतेक लोक विदर्भातून आलेले, कोणी रेल्वेत, कोणी सरकारी ऑफिसात. मंडळ वर्षातून एकदा वधू-वर मेळावा घेते, अन् त्याची यादी बाबांकडे. रिटायर झाल्यावर पहिले चार महिने बाबाले कोणीच काही विचारत नव्हतं. ते रोज इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसत अन् आईले विचारत, "आज काही?" आई म्हणे, "आज दोडके." मग मंडळाच्या अध्यक्ष काकांनी यादीचं काम त्यांच्याकडे दिलं, मी लॅपटॉप घेऊन दिला, अन् घरात परत ऑफिस सुरू झालं.

यादीत तीनशे बारा पोट्टे-पोट्ट्या. बाबा प्रत्येकाच्या घरी स्वतः जाऊन आले. दुर्ग, भिलाई, बिलासपूर, सगळीकडे. "माल पाहिल्याबिगर पावती फाडत नाही," म्हणायचे. घरी येऊन दोन फायली भरायच्या. एकीत नाव, जन्मतारीख, शिक्षण, फोटो. दुसरीत फक्त नंबर अन् त्यापुढे बाबांचा स्वतःचा शेरा. शेरा गुप्त. म्हणून त्या फायलीत नाव नाही. चुकून कोणी उघडलीच तर कळू नये हा कोण. ही आयडिया माझी होती. त्या आठवड्यात माझ्या सगळ्या आयडिया एकेक करून समोर आल्या.

कागदाचे फॉर्म रद्दीत द्यायचे, हीपण माझीच. "बाबा, आता सगळं डिजिटल आहे," मी म्हटलं होतं. तरी बाबांनी सावधगिरी म्हणून दोन्ही फायली दोन-दोन ठिकाणी ठेवल्या होत्या. एकदा डेस्कटॉपवर, एकदा डी ड्राइव्हमध्ये. डेस्कटॉप अन् डी ड्राइव्ह एकाच डिस्कच्या पोटात असतात, हे बाबाले माहीत नव्हतं. मले माहीत होतं. त्यांनी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही.

मेळावा येत्या रविवारी होता. अध्यक्ष काकांनी यावेळी यादी छापून मागितली होती. "नाही जमत असेल तर सांगा बाप्पा, पुढच्या साली दुसऱ्या कोणाले देऊ," असंही म्हणाले होते. बाबा म्हणाले होते, "जमते."

आता माझ्याबद्दल. तो भाग टाळता येत नाही.

मी नकला करतो. बाबांची बदली डोंगरगढले होती तेव्हा मी तिथल्या हिंदी शाळेत होतो. एकदा हेडमास्तरच्या आवाजात खिडकीबाहेरून "छुट्टी" म्हटलं तर अर्धी शाळा घरी गेली. एक मास्तरपण गेले. तेव्हापासून सवय लागली ती लागलीच. स्टेशनवर घोषणा करणारी बाई, बसचा कंडक्टर, अध्यक्ष काका, मी सगळे करतो. आईले मी कोणाच्याही आवाजात जेवायले मागितलं तरी ती माझ्याच ताटात वाढते.

मागच्या वर्षी आमच्या ऑफिसातल्या एका भैयाले फोन आला की तुमच्या लॅपटॉपमध्ये अपडेट बाकी आहे, मी मदत करते. तिनं जे-जे दाबायले सांगितलं ते-ते त्यानं दाबलं, अन् मग दोन दिवस बँकेत बसला. ते पाहून मले बाबांची काळजी वाटली. काळजी वाटली तर माणसानं समजावून सांगायले पाहिजे. मी काय केलं, तर दुसऱ्याच्या फोनवरून बाबाले फोन लावला अन् कॉल सेंटरवालीच्या आवाजात म्हटलं, "नमस्कार सर, आपके लैपटॉप में एक बहुत ज़रूरी अपडेट बाकी है. मैं आपकी सहायता करूँ?"

"हाँ बेटी, करो," बाबा म्हणाले.

बारा मिनिटांत बाबांनी मले पासवर्ड, आईचं माहेरचं नाव अन् पेन्शन कोणत्या तारखेले येते, एवढं सगळं सांगितलं. वरून विचारलं, "बेटी, खाना खाया?"

घरी येऊन मी माझ्या आवाजात सांगितलं की ती बेटी मीच होतो. "पडद्यावर काहीही येऊ द्या, कोणाचाही फोन येऊ द्या. अपडेट म्हटलं की चोर समजायचं. काही दाबायचं नाही. फक्त ‘नंतर’ दाबायचं."

बाबांनी वही काढली अन् लिहिलं, ‘अपडेट म्हणजे चोर.’ खाली सही केली.

तर मंगळवारी मी सुट्टी घेतली अन् आम्ही दोघं लॅपटॉप घेऊन शंकर नगरच्या सर्व्हिस सेंटरले गेलो. तिथला भैया गुढियारीचाच निघाला, आमच्या शेजारच्या पाऱ्यातला, म्हणजे मोहल्ल्यातला. त्यानं लॅपटॉप खोलला अन् आतून च्युइंगगमच्या वडीएवढी एक हिरवी पट्टी काढली.

"और डिस्क?" बाबांनी विचारलं.

"इहीच डिस्क हे, बाबूजी."

बाबांनी चष्मा लावून पट्टी पाहिली, मग चष्मा काढून पाहिली. त्यांचा विश्वास बसत नव्हता. तीनशे बारा लोकं, अन् काहींनी फोटोसाठी पूर्ण सूट घातला होता.

भैयानं पट्टी आपल्या मशीनले लावली. मशीननं विचारलं तू कोण, तर पट्टीनं नाव सांगितलं नाही. तुझ्यात जागा किती, तर म्हणाली शून्य.

"हव," भैया छत्तीसगडीत हो म्हणाला. "इस हफ्ते की चौथी है. डिस्क मरी नइ हे, बाबूजी. ओकर भीतर एक छोटा दिमाग रहिथे, फर्मवेयर बोलते हैं उसको. वो गिनता रहता है कितने घंटे चली. गिनती एक जगह पहुँची कि दिमाग गड़बड़ा गया. फिर उसको याद नहीं रहता कि वो कौन है और उसके अंदर क्या रखा है."

"रिटायरमेंट," बाबा म्हणाले.

"हव, वइसनेच. पर आपका घंटा बहुत जल्दी भर गया. बंद नहीं करते क्या कभी?"

"ऑफिस बंद करके आदमी घर जाता है. मैं तो घर पे ही हूँ."

भैयानं पट्टी मशीनमधून काढली. "इसी के लिए तो कंपनी ने अपडेट निकाला था. आठ महीने हो गए. स्क्रीन पे आता होगा ना आपको?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं.

"आता है," बाबा म्हणाले अन् पिशवीतून वही काढली. ‘१०.१० चोर आला. नंतर दाबले.’ ‘१०.१० चोर. नंतर दाबले.’ ‘रविवार. चोराला सुट्टी नाही. नंतर दाबले.’ ‘आज लाल रंगात आला. भाषा घाबरवणारी. घाबरलो नाही. नंतर दाबले.’ असे आठ महिने. भैयाले मराठी येत नव्हतं, पण पाचव्या पानापासून ‘नंतर दाबले’ त्याले समजायले लागलं.

"जिनका अपडेट नहीं हुआ उनको कंपनी वाले फोन भी करते हैं," भैया म्हणाला.

"दो बार आया था." मग बाबांनी मले मराठीत विचारलं, "तो तू नव्हता?"

मी नव्हतो. कंपनीच्या पोरीचा खरा फोन होता. बाबांनी तिचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं होतं अन् म्हटलं होतं, "आवाज अच्छा निकालता है, बेटा. शाम को आते समय लौकी ले आना." त्या दिवशी मी घरी आलो तेव्हा बाबा दारातच उभे होते. "आणली?" म्हणाले. मी म्हटलं, "काय?" ते हसत आत गेले. मले वाटलं होतं, वय झालं.

भैया म्हणाला, डिस्क इथं ठेवा. काही विचारायचं नाही, काही मागायचं नाही, नुसती वीज देत पडू द्यायची. "कभू-कभू जागथे."

बुधवारी अकराच्या सुमारास त्याचा फोन आला. "जागी हे! आओ!"

आम्ही पोचलो तोवर परत झोपली होती. पण एकदा जागली म्हणजे आशा होती. भैयानं आधीच्या डिस्कांवर घड्याळ लावून पाहिलं होतं, अकरा मिनिटं जागी राहते, मग गडप. परत जागायले तास-दीड तास. आम्ही बाकावर बसलो. बाबांनी डबा आणला होता, तो भैयालेही दिला.

साडेबाराले जागली. "जल्दी बोलो, क्या-क्या निकालना है?"

मी दोन्ही फायली दाखवल्या. शेऱ्यांची फाइल एवढीशी, बोट उचलायच्या आत पेन ड्राइव्हवर आली. नावांची फाइल सुरू झाली अन् पडद्यावरची हिरवी रेघ सरकायले लागली. मुंगीसारखी. भैयानं फाइलचा आकार पाहिला अन् बाबांकडे पाहिलं.

"बाबूजी, इसमें भरा क्या है?"

बाबांनी प्रत्येक फोटो मोठ्यात मोठ्या साइजमध्ये स्कॅन करून त्या एका फायलीत, नावाच्या शेजारच्या चौकोनात चिकटवला होता. तीनशे बारा. प्रत्येकाच्या शर्टाचं बटण मोजता येईल असे.

"फोटो काहून चिकटवले फायलीत?" मी विचारलं.

"चेहरा नसलेली यादी कोण वाचते बे?"

अकरा मिनिटं झाली. हिरवी रेघ अर्ध्याच्या पुढं होती. डिस्क झोपली. अर्धी फाइल म्हणजे फाइलच नाही, उघडत नाही.

दोन वाजता परत जागली. परत पहिल्यापासून, पण अकरा मिनिटं उलटली तरी जागीच होती. यावेळी बाबा उठून काउंटरजवळ उभे राहिले अन् डिस्कशी बोलायले लागले. चढावर मालगाडी दम टाकते तेव्हा गार्डलोक बोलतात तसं. "चल. चल. चल माय. थोडंच राहिलं." रेघ शेवटाले आली होती, बोटाच्या पेरभर राहिली असेल. भैयाही हळूच "चल, चल" म्हणायले लागला होता. अन् मशीननं सांगितलं की डिस्क सापडत नाही.

त्यानंतर ती जागली नाही. भैयानं पाच वाजेपर्यंत पाहिलं. "अब नइ जागय, बाबूजी," म्हणाला, अन् खुर्चीवरून उठून म्हणाला. दवाखान्यात डॉक्टर उठतात तसा.

घरी जाताना स्कूटरवर बाबा मागं बसले होते. शंकर नगर मागं पडलं. मग म्हणाले, "अध्यक्षाले सध्या सांगू नको." मी म्हटलं, "नाही सांगत." परत थोड्या वेळानं म्हणाले, "त्याच्या आवाजातही कोणाले सांगू नको."

गुरुवारी वॉरंटीत नवीन ड्राइव्ह मिळाली. भैयानं ती लॅपटॉपात बसवली अन् तपासून तोंड वाकडं केलं. ड्राइव्ह नवी होती, पण आतला फर्मवेअर जुनाच होता, तोच बिघडलेला. अपडेट निघायच्या आधी बनून गोदामात पडून होती. बाबाले हे लगेच पटलं. "गोदामात असंच होते," म्हणाले. सेंटरचं इंटरनेट त्या दिवशी बंद होतं, म्हणून भैया म्हणाला, घरी नेऊन नेट लावा, स्क्रीनवर अपडेट येईल, ते दाबा. चार्जर लावून ठेवा. मध्ये बंद झाला तर हीपण गेली.

घरी टेबलावर लॅपटॉप ठेवला, नेट लावलं. पाच मिनिटांत पाहुणा आला. ‘आपल्या ड्राइव्हसाठी महत्त्वाचे अपडेट उपलब्ध आहे.’ बाबांनी टेबलावरचा हात मागं घेतला.

"दाबा," मी म्हटलं.

"तू दाब."

"लॅपटॉप तुमचा आहे."

बाबांनी थेट भैयाले फोन लावला. "भैया, मैं कौन सा डब्बा लाया था कल?" भैया म्हणाला, भरवां करेला. मग बाबांचा विश्वास बसला की फोनवर भैयाच आहे. तरी मले म्हणाले, "तू जरा समोर बस. तोंड बंद ठेव." मी समोर बसलो, तोंड बंद ठेवलं, अन् बाबांनी आठ महिन्यांत पहिल्यांदा ‘आता’ दाबलं.

पडद्यावर लिहून आलं, बंद करू नका. बाबा उठून स्विचबोर्डसमोर जाऊन उभे राहिले, पाठ बोर्डाले टेकवून. आई मिक्सरचं भांडं घेऊन आली. "मले चटणी फिरवायची आहे."

"काम चालू आहे."

"किती वेळ?"

"ट्रॅक मोकळा झाला की सांगतो."

आई भांडं धरून तिथंच उभी राहिली. चार मिनिटं आमच्या घरात कोणी हललं नाही. मग लॅपटॉप स्वतःच बंद होऊन चालू झाला अन् म्हणाला, यशस्वी. आईनं चटणी फिरवली.

आता बाबांकडे एकदम निरोगी ड्राइव्ह होती अन् तिच्यात एक फाइल. तीनशे बारा शेरे. नाव एकाचंही नाही.

मी फाइल उघडली. काहीतरी करायचं म्हणून पहिला शेरा मोठ्यानं वाचला. "‘एक. मुलगा शांत. नोकरीबद्दल विचारल्यावर पंख्याकडे पाहिले.’"

"दुर्ग, स्टेशनच्या मागं," बाबा म्हणाले अन् नाव सांगितलं. आडनावासकट.

मी पुढचा वाचला. "‘दोन. उंची फॉर्मवर सहा फूट. दारातून येताना वाकला नाही.’"

बाबांनी नाव सांगितलं.

"‘तीन. मुलगी हुशार. तिनेच आपल्याला प्रश्न विचारले. दोन उत्तरे देता आली.’"

नाव, गाव, अन् ती दोन उत्तरंही सांगितली. "‘चार. वडील अधिकारी होते हे चार वेळा सांगितले. पाचव्यांदा मी सांगितले.’ ‘पाच. घर चांगले. कुत्रा मोकळा.’" कुत्र्याचंही नाव सांगितलं. आई दारात उभी राहून ऐकत होती. बाबांची पाठ हळूहळू सरळ होऊन राहिली होती.

"सात नंबरले शेराच नाही," मी म्हटलं. "रिकामं आहे."

"राहू दे. पुढं वाच."

जेवायच्या वेळेपर्यंत तीनशेच्या वर नावं निघाली. नऊ शेरे राहिले, ज्यांची माणसं आठवेनात. ‘चहा चांगला’ एवढंच लिहिलेले चार होते.

पण नुसत्या नावांनी यादी होत नाही. जन्मतारीख, वेळ, गाव, शिक्षण परत विचारायले पाहिजे होतं. शुक्रवारी सकाळी मी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज टाकला की छपाईसाठी कृपया माहिती परत पाठवावी. कोणीच पाठवली नाही. कारण ग्रुपच्या सगळ्यात वर बाबांनीच एक सूचना चिकटवून ठेवली होती, मोठ्या अक्षरात. ‘मंडळातर्फे कोणीही आपणास जन्मतारीख, वेळ, गाव विचारणार नाही. विचारल्यास चोर समजावे.’

मी फोन लावायले घेतले. पहिल्या काकू म्हणाल्या, "लाज नाही वाटत? मराठी पोट्टा असून असे धंदे करते." दुसऱ्या काकांनी माझं सगळं ऐकून घेतलं, अन् तेवढ्या वेळात दुसऱ्या फोनवरून बाबाले फोन लावून सांगितलं की तुमच्या नावानं एक चोर फिरून राहिला आहे.

बाबांनी स्वतः फोन केला तर लोकं लगेच माहिती देत. पण बाबाले कोणी दहा मिनिटांच्या आत सोडत नव्हतं. गुडघे कसे आहेत, पेन्शन लागली का, अमक्याच्या घरी गेले होते ते काय म्हणाले. दुपारपर्यंत बाबांचे सतरा झाले. माझा एकही नाही. शनिवारी चार वाजता छापणाऱ्याले कागद द्यायचे होते.

मी आतल्या खोलीत गेलो, दार लोटलं, घसा खाकरला. बाबा बोलायच्या आधी दोनदा खाकरतात. दुसऱ्यांदा जरा लांब.

"हॅलो. हं, मी बोलतो. नाही, हा पोराचा फोन आहे. हे पहा, लॅपटॉप बिघडला, यादी परत करून राहिलो. हे पहा, मुलीची जन्मवेळ सांगा."

सांगितली. मी लिहिली. दुसरा लावला. त्यानंही सांगितली. गुडघ्याचं कोणी विचारलं तर म्हणत होतो, "आहेत दोन्ही. पुढं सांगा." तासाभरात वीस झाले. एकविसाव्याले "हे पहा" म्हणून वर पाहिलं तर दारात बाबा. किती वेळचे उभे होते माहीत नाही.

मी फोन ठेवला. मले वाटलं आता लिहितात अन् मग ओरडतात.

"‘हे पहा’ मी इतक्या वेळा म्हणत नाही," बाबा म्हणाले.

"म्हणता," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

बाबा खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. हातातल्या कागदाचे दोन तुकडे केले. वरची नावं स्वतःकडे ठेवली, खालची मले दिली. "बिलासपूरवाले तू घे," म्हणाले. "त्यांच्याशी मी थोडा हळू बोलतो."

तो शुक्रवार अन् शनिवारची सकाळ आमच्या घरात दोन बाबा बोलत होते. आईनं दोघांलेही चहा दिला.

शनिवारी बाराच्या सुमारास माझ्या वाट्याचे शेवटचे सात-आठ राहिले होते. भिलाईच्या एका काकांले लावला. त्यांच्या मुलीचं नाव यादीत होतं. त्यांनी सगळं नीट सांगितलं, मी लिहून घेतलं, अन् ठेवणार तेवढ्यात ते म्हणाले, "अहो, तुमचाही एक मुलगा आहे ना? तो यादीत नाही का?"

फोन स्पीकरवर होता, लिहायले सोपं जाते म्हणून. समोर बाबा आपला फोन ठेवून पाणी पीत होते. त्यांनी ग्लास खाली ठेवला. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी सात बोटं दाखवली.

"आहे," मी बाबांच्या आवाजात म्हटलं. "सात नंबर."

"मीच भरला होता फॉर्म," आई दारातून हळू आवाजात म्हणाली. "मागच्या दिवाळीत."

"मग त्याच्यावर काय शेरा लिहिला तुम्ही?" काका म्हणाले. "लपवू नका. तुम्ही सगळ्यांवर लिहिता, आख्ख्या भिलाईले माहीत आहे. स्वतःच्या पोराबद्दल खरं सांगा."

 मले कोणाचाही आवाज काढता येते, पण बाबांचा शेरा बाबांकडूनच यायले पाहिजे होता. मी दोनदा खाकरलो. दुसऱ्यांदा लांब. बाबा पुढं वाकले अन् एकदम हळू, शाळेत शुद्धलेखन घालतात तसं, एकेक वाक्य सांगायले लागले. मी मागून म्हणत गेलो.

"पोट्टा बोलते फार," बाबा कुजबुजले.

"पोट्टा बोलते फार," मी म्हटलं.

"त्याच्या बोलण्यावर जाऊ नका."

"त्याच्या बोलण्यावर जाऊ नका."

बाबा थांबले. त्यांनी माझ्या समोरच्या कागदांकडे पाहिलं. रेघा मारलेले, चहाचे डाग पडलेले, तारखाच तारखा. "चूक केली तर निस्तरायले बसते. उठत नाही."

मी तेही म्हटलं. बाबांच्याच आवाजात म्हटलं. शेवटी आवाज जरा सरकला, पण भिलाईपर्यंत गेला नसावा.

"हं," काका म्हणाले. "म्हणजे ठीक आहे पोट्टा." अन् फोन ठेवला.

बाबांनी राहिलेलं पाणी पिऊन टाकलं. "‘जाऊ नका’च्या नंतर थांबायचं असते," म्हणाले. "तू थांबला नाही."

"सात नंबरले टाकू का हे?"

"टाक. तात्पुरतं."

मी टाकलं. मग पुढचा नंबर लावला.

रविवारी हॉलच्या दारात यादी छापून लावली होती. फोटो नव्हते. तीनशे तीन लोकं होती, अन् नऊ जागी नुसता नंबर अन् पुढं कोरी रेघ. अध्यक्ष काकांनी चष्मा वर-खाली करून पूर्ण यादी पाहिली. कोऱ्या रेघांवर बोट ठेवलं. "हे काय बाप्पा?"

"यायचे आहेत," बाबा म्हणाले.

"बरं. पुढच्या साली फॉर्म लवकर वाटून टाका, एवढी धावपळ नको," काका म्हणाले अन् माइक पाहायले गेले. बाबांनी टेबलावरचे पेन सरळ लावले. सरळच होते.

नाव नसलेले लोकं एकेक करून टेबलाजवळ येऊ लागले. बाबा कोणाले नाव विचारत नव्हते. "काय झालं, सांगा," म्हणायचे अन् ऐकत बसायचे. ‘चहा चांगला’वाले चौघं तर घर कुठं आहे सांगितल्याबरोबर ओळखले. दुपारपर्यंत सात रेघा भरल्या.

मग एक पोट्टी आली, पर्स टेबलावर आपटत. शिकलेली, कुठंतरी ऑफिसात असावी. "काका, हा काय प्रकार आहे? तुम्ही आमच्या घरी दीड तास बसून गेले. माझं नाव काहून नाही? पुण्याले नोकरीले गेलेल्या पोट्ट्यांची नावं आहेत अन् इथं राहणाऱ्यांची नाहीत? तुम्ही लिहून घेतलं होतं, मी स्वतः पाहिलं. मग लिहिलेलं जाते कुठं?"

ती बोलत राहिली. बाबांनी शेऱ्यांचा कागद टेबलाखाली मांडीवर धरला होता. मी मागून वाचला. ‘२१८. मुलगी स्पष्ट बोलते. मला मध्ये बोलता आले नाही. योग्यच बोलत होती.’

तिचं संपेपर्यंत बाबा थांबले. मग पेन उघडून दोनशे अठरासमोर तिचं नाव लिहिलं, अन् छापील नावांहून जरा मोठ्या अक्षरात लिहिलं.